औषध यादीत आहे, पण तीन तासांत पोहोचते का? सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण,
तसेच सर्व जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय: प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरील उपचारांचा पुरावा आणि त्यावरून होणारे खरेदीचे निर्णय

महोदय/महोदया,

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्त थांबवायला मदत करणारे इंजेक्शन प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात उपयोगी आहे का, असा प्रश्न बैठकीत येतो, उत्तर 'हो' असे नोंदवले जाते, औषध यादीत जाते, दरकरार होतो आणि विषय मिटतो. आमच्या मते खरा निर्णय तिथून पुढे सुरू व्हायला हवा. हे औषध कुठल्या बाईला, प्रसूतीनंतर किती वेळात, किती मात्रेत आणि कशा पद्धतीने द्यायचे, हे संशोधनात स्पष्ट लिहिलेले आहे. फाइलवर येईपर्यंत त्यातला 'उपयोगी' एवढा एकच शब्द उरतो. बाकीचे गळले, की औषध जिल्ह्याच्या भांडारात पडून राहते आणि बाई घाटातल्या रस्त्यावर दगावते.

आम्ही प्रसूतिकक्षात, औषधभांडारात आणि संशोधनाच्या परीक्षणात काम करणारी माणसे आहोत. पुरावा वाचून निर्णय कसा घ्यावा हे एका औषधाच्या आणि त्याच्या आसपासच्या दोन-तीन वस्तूंच्या आधाराने मांडतो.

२०१७ मध्ये 'वुमन' चाचणीचे निष्कर्ष आले. २१ देशांतल्या २०,०६० स्त्रिया, त्यांत आपल्या शेजारचे पाकिस्तान, नेपाळ आणि बांगलादेशही होते. रक्तस्राव सुरू झालेल्या निम्म्या स्त्रियांना ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत ते १.७ वरून १.२ वर आले. पण चाचणीचा मूळ ठरवलेला निकष वेगळा होता: कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा गर्भाशय काढावे लागणे. त्यात फरक पडला नाही, ५.५ आणि ५.३ टक्के. बऱ्याच ठिकाणी गर्भाशय काढायचा निर्णय चाचणीत नाव घातले जात असतानाच झालेला असे, त्यामुळे औषधाला ते टाळायला वावच मिळत नव्हता. संशोधकांना हे वाटेतच लक्षात आले, म्हणून रक्तस्रावाच्या मृत्यूंवरचा परिणाम नीट दिसावा यासाठी त्यांनी सहभागी स्त्रियांची संख्या १५,००० वरून २०,००० केली.

आता पाहा, याच एका चाचणीतून तीन वेगवेगळ्या टिपण्या लिहिता येतात. मूळ निकष पाहणारा लिहील, 'परिणाम नाही.' विक्री प्रतिनिधी सांगेल, 'मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटतात.' तिसरी टिपणी अशी: 'तीन तासांच्या आत दिल्यास, रक्तस्राव झालेल्या दर २०० स्त्रियांमागे एक मृत्यू टळतो, गर्भाशय काढण्याचे प्रमाण मात्र घटत नाही.' निर्णय घ्यायला उपयोगी पडते ती ही तिसरी. त्यातही एक दुरुस्ती करावी लागते. २०० हा आकडा जिथे मृत्यूचे प्रमाण जास्त होते तिथला आहे. महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० च्या नमुना नोंदणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. समजा, आपल्याकडे रक्तस्राव झालेल्या हजारात तीनच स्त्रिया दगावत असतील, तर तीन तासांच्या आत सर्वांना औषध देऊन हजारात साधारण एक वाचेल. औषध स्वस्त आहे, साठवायला शीतपेटी लागत नाही, त्यामुळे या हिशोबानेही ते घ्यावेच असे आमचे ठाम मत आहे. पण हा हिशोब फाइलवर असला पाहिजे, कारण पुढचे औषध इतके स्वस्त नसेल.

याच आकड्यांमुळे आणखी एक गोष्ट बंद व्हावी असे वाटते: 'आमच्या जिल्ह्यात वर्षभर वापरले, मृत्यू घटले नाहीत.' वर्षाला ५०,००० प्रसूती होणाऱ्या जिल्ह्यात ३३ च्या प्रमाणाने सगळ्या कारणांचे मिळून सोळा-सतरा मृत्यू होतात. त्यांतले रक्तस्रावाचे काही. त्यांत एक-दोनाने चढउतार झाला तर तो औषधाचा की नुसत्या योगायोगाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. एवढा फरक ओळखायला २०,००० रक्तस्रावग्रस्त स्त्रिया लागल्या. जिल्ह्याने मोजायचे ते वेगळे: किती जणींना रक्तस्राव झाला, किती जणींना औषध मिळाले आणि प्रसूतीनंतर किती मिनिटांनी.

मिनिटांवर एवढा भर का, तेही सांगतो. 'वुमन' आणि अपघातातल्या जखमींवरची 'क्रॅश-२' या दोन चाचण्यांतल्या ४०,१३८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये विश्लेषण झाले. औषधाचा फायदा लगेच दिल्यास सर्वांत मोठा, आणि उशिराच्या दर पंधरा मिनिटांनी तो सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. तीन तासांनंतर काहीच उरत नाही. 'क्रॅश-२'मध्ये तर तीन तासांनंतर औषध दिलेल्या जखमींत रक्तस्रावाने झालेले मृत्यू वाढले होते. म्हणजे पुराव्याने औषधाबरोबर एक घड्याळही दिले आहे. ते घड्याळ खरेदीच्या निर्णयात आणले, तर औषध कुठे ठेवायचे हे आपोआप ठरते. धडगाव, भामरागड, मोखाडा किंवा धारणीहून बाईला मोठ्या रुग्णालयात न्यायचे म्हणजे गाडी मिळणे, रस्ता, पावसाळ्यातला नाला आणि तिथल्या दारातला कागद, सगळे धरून तीन तास सहज जातात. म्हणून पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच दिला गेला पाहिजे, आणि १०८ च्या गाडीतही तो असला पाहिजे. जिल्हा रुग्णालयात पाचशे ॲम्प्यूल आणि केंद्रात शून्य, अशी वाटणी या पुराव्याच्या विरुद्ध आहे, मग एकूण खरेदी कितीही मोठी असो.

मात्रा अशी: १ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची ५ मिलिलिटरची दोन ॲम्प्यूल, शिरेतून, मिनिटाला १ मिलिलिटर या गतीने, दहा मिनिटांत. घाईने ढकलले तर रक्तदाब उतरतो, आणि बाईचा तो आधीच उतरत असतो. अर्ध्या तासानंतरही रक्तस्राव चालू राहिला, किंवा थांबून चोवीस तासांत पुन्हा सुरू झाला, तर आणखी १ ग्रॅम. रक्ताच्या किंवा पेनिसिलिनच्या नळीत ते मिसळू नये. गरोदरपणात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बाईला देऊ नये.

साठ्याचा अंदाज यावरून काढता येतो. महिन्याला २० प्रसूती होणारे केंद्र घ्या, वर्षाला २४०. रक्त मोजून पाहिले तर शंभरात दहा जणींना ५०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे 'रक्तस्राव' म्हणण्याइतके, जाईल असे नियोजनापुरते धरू. २४ स्त्रिया, प्रत्येकी दोन ॲम्प्यूल, ४८. तिघींपैकी एकीला दुसरा डोस लागेल असे धरले तर आणखी १६. एकूण ६४. पण सरासरीवरून मागणीपत्र भरणे ही इथली नेहमीची चूक आहे. रक्तस्राव महिन्याच्या हप्त्याने येत नाही, एका रात्री दोघींना येतो. म्हणून प्रसूतिकक्षातल्या ट्रेमध्ये कोणत्याही क्षणी आठ ॲम्प्यूल, आणि चारवर आले की भरणे, हा नियम हवा. आणि हो, ट्रेमध्येच. भांडाराच्या नोंदीत साठा असतो, किल्ली औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे असते आणि रात्री दोन वाजता पाळीवर असते एकटी स्टाफ नर्स. अशा वेळी नोंदीतला साठा बाईच्या काहीच कामाचा नाही.

एक धोका खरेदी करणाऱ्यांच्याच हातात आहे, म्हणून तो इथे लिहितो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे ॲम्प्यूल आणि पाठीच्या कण्यात भूल देण्याच्या ब्युपिवाकेनचे ॲम्प्यूल, दोन्हींतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ, आकार जवळपास सारखा. सिझेरियनच्या टेबलावर अदलाबदल होऊन हे औषध कण्यात टोचले गेल्याची प्रकरणे जगभर नोंदवली गेली आहेत. झटके येतात, हृदयाची लय बिघडते, आणि नोंदवलेल्या प्रकरणांत सुमारे निम्मे रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये याबद्दल इशारा दिला. निविदेच्या अटींत लेबलचा रंग आणि अक्षरांचा आकार घालता येतो. भुलीच्या ट्रेजवळ हे औषध ठेवू नये असा एका ओळीचा आदेश काढता येतो. याला पैसे लागत नाहीत.

आता त्याच औषधाची दुसरी बाजू. रक्तस्राव थांबवते म्हटल्यावर, होण्याआधीच का देऊ नये? विशेषतः रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना, ज्या आपल्याकडे फार आहेत. विचार सरळ वाटतो, म्हणूनच तो तपासला गेला. २०२३ मध्ये 'वुमन-२' चे निष्कर्ष आले: पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयाच्या १५,०६८ स्त्रिया, योनीमार्गे प्रसूती, नाळ कापल्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत औषध. रक्तस्राव औषध दिलेल्यांत ७.० टक्के, न दिलेल्यांत ६.६ टक्के. काहीही फायदा नाही. पोटातल्या आणि आतड्यांतल्या रक्तस्रावावरच्या 'हॉल्ट-इट' चाचणीत, १२,००९ रुग्णांत, मृत्यू घटले नाहीतच, उलट शिरांतल्या गुठळ्या दुप्पट झाल्या. सगळ्या बाळंतिणींना सरसकट हे इंजेक्शन देण्याचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला तर या दोन चाचण्या समोर ठेवा. तो प्रस्ताव मान्य झाला तर खरेदी दहापट होईल आणि एकही जीव वाचल्याचा पुरावा नसेल.

पण औषध वेळेत द्यायला रक्तस्राव वेळेत कळायला हवा, आणि खरे घोडे इथेच अडते. चादर भिजली, बोळे भरले, बादलीत काही गेले, आणि नजरेने अंदाज केला जातो: 'थोडे जास्त गेले.' हा अंदाज किती चुकतो हे बेळगावातच मोजले गेले. तिथल्या संशोधकांनी प्लास्टिकची पारदर्शक, नरसाळ्यासारखी, मिलिलिटरच्या रेघा असलेली पिशवी तयार केली, बाळ बाहेर आल्यावर ती बाईच्या कमरेखाली सरकवायची. २००६ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० प्रसूतींची चाचणीही प्रसिद्ध झाली. त्यात गावपातळीवर एएनएमनी (गावातल्या आरोग्य सेविकांनी) गर्भाशय आकुंचित करणारे मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे दिले आणि रक्तस्राव १२.० टक्क्यांवरून ६.४ वर आला. आपल्या सीमेवर, आपल्यासारख्याच दवाखान्यांत तयार झालेला हा पुरावा आहे. परदेशातला म्हणून बाजूला ठेवायचीही सोय नाही.

पिशवीचा पुढचा अध्याय २०२३ चा. 'ई-मोटिव्ह' चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालये, २,१०,१३२ प्रसूती. निम्म्या रुग्णालयांत रेघांची पिशवी, दर पंधरा मिनिटांनी तपासणी, आणि रक्तस्राव ठरताच गर्भाशयाचे मालिश, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिनसारखे औषध, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकदम. एक देऊन वाट पाहायची, मग दुसरे, असे नाही. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणे किंवा त्याने मृत्यू, यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आले. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के होते, इथे ९३. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ५०० मिलिलिटरची वाट न पाहता ३०० मिलिलिटरला, नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर, उपचार सुरू करायला सांगितले.

हे वाचून फक्त पिशव्यांची निविदा काढली जाईल अशी आम्हाला भीती आहे. तुलनेतल्या रुग्णालयांतही पिशवी होती, पण रेघांशिवाय आणि 'अमुक मापाला हे करा' या नियमाशिवाय. म्हणजे नुसत्या प्लास्टिकने काही साधले नाही. पिशवी घेतली तर प्रत्येक प्रसूतीला एक या हिशोबाने घ्यावी लागते, कारण रक्तस्राव कुणाला होणार हे आधी कळत नाही. बाळ येण्याआधी ती लावली तर गर्भजल त्यात जाऊन माप फसते, हे प्रशिक्षणात दाखवावे लागते. आणि फाइलवर हेही लिहायला हवे की ही चाचणी वर्षाला हजाराहून जास्त प्रसूती होणाऱ्या रुग्णालयांत झाली आणि मृत्यू घटल्याचे तिच्यातून निश्चित सांगता येत नाही. तेवढ्या प्रसूती होणाऱ्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना ती थेट लागू पडते. महिन्याला वीस प्रसूतींच्या केंद्रात एकटी नर्स एकाच वेळी मालिश, सलाईन आणि दहा मिनिटांचे इंजेक्शन करू शकणार नाही, तिथे दुसरा माणूस कोण, हे आधी ठरवावे लागेल.

ऑक्सिटोसिनबद्दल थोडक्यात. ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. त्याच कामाचे, उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन ३० अंशांपर्यंत तीन वर्षे टिकते. २०१८ च्या 'चॅम्पियन' चाचणीत, भारतासह दहा देशांतल्या २९,६४५ स्त्रियांत, रक्तस्राव रोखण्यात दोन्ही जवळपास सारखी ठरली: १४.५ आणि १४.४ टक्के. यावरून 'फरक नाही, महाग कशाला घ्या' असा निष्कर्ष निघू शकतो. पण चाचणीतले ऑक्सिटोसिन नीट थंड ठेवलेले होते. तुमच्या केंद्रातला फ्रीज मे महिन्यात, वीज जात-येत असताना कसा चालतो, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नाही. त्याचे उत्तर तापमानाच्या नोंदवहीत आहे. जिथे नोंदी चांगल्या आहेत तिथे ऑक्सिटोसिनच ठेवा. जिथे फ्रीज वारंवार ८ च्या वर जातो तिथे कार्बेटोसिनचा खर्च योग्य ठरू शकतो. विदर्भात मात्र हेही तपासा, की ३० अंशांची अट उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पाळली जाते का.

निर्णय मागे घ्यायची वाट नसेल तर काय होते, हे महाराष्ट्र आणि गोवा दोघांनीही पाहिले. २०२० च्या जूनअखेर राज्याने 'प्लॅटिना' हा कोविडवरच्या प्लाझ्मा उपचाराचा (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याचा) मोठा प्रकल्प सुरू केला. त्याच वेळी देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांची 'प्लॅसिड' चाचणी चालू होती. तिचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला: आजार बळावणे किंवा मृत्यू, प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१ मध्ये. मधल्या काळात, दुसऱ्या लाटेत, नातेवाईक समाजमाध्यमांवर दात्यांसाठी हात जोडत होते. त्याच मे महिन्यात गोव्याने अठरा वर्षांवरच्या सर्वांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध कोविडसाठी देण्याचे जाहीर केले, जेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने ते चाचणीबाहेर वापरू नका असे मार्चमध्येच सांगितले होते. साथीच्या धावपळीत तात्पुरता निर्णय घ्यावा लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण तो तात्पुरता आहे हे कागदावर हवे, आणि कोणता निकाल आला की तो थांबेल हेही पहिल्याच दिवशी लिहिलेले हवे.

म्हणून आमची मागणी एका टिपणीपुरती आहे. उपचाराची कोणतीही नवी वस्तू खरेदीला येताना तिच्याबरोबर दोन पानी टिपणी असावी. त्यात उपचार कुणाला आणि कुठल्या वेळेपर्यंत, तुलना कशाशी झाली, फायदा टक्क्यांच्या घटीत न सांगता दर हजार रुग्णांमागे किती, चाचणी कशा रुग्णालयांत झाली आणि आपल्या कोणत्या पातळीला ती लागू होत नाही, काय सिद्ध झालेले नाही, आणि पुनर्विचाराची तारीख. टिपणी लिहिणाऱ्याचे उत्पादकाशी काही आर्थिक नाते असल्यास ते वरच नमूद असावे. ती विभागाच्या संकेतस्थळावर, निविदेच्या आधी, मराठीत टाकावी, म्हणजे तालुक्यातला वैद्यकीय अधिकारीही 'हे आमच्याकडे चालणार नाही, कारण...' असे वेळेत सांगू शकेल. माता मृत्यू अन्वेषण समितीच्या बैठकीत रक्तस्रावाच्या प्रत्येक प्रकरणी घड्याळातल्या तीन वेळा विचारल्या जाव्यात: प्रसूतीची, रक्तस्राव ओळखल्याची आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या पहिल्या डोसची.

पहिले काम मात्र टिपणीची वाट न पाहता करता येईल. बाईला पुढच्या रुग्णालयात पाठवताना देतात त्या संदर्भ चिठ्ठीवर दोन रकाने वाढवा: 'प्रसूतीची वेळ' आणि 'ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा पहिला डोस किती वाजता'. पुढच्या रुग्णालयातला डॉक्टर ती वाचून ठरवेल की तीन तास उलटले का, दुसरा डोस द्यायचा का, की पहिलाच अजून बाकी आहे. छापील चिठ्ठ्या संपेपर्यंत ते रकाने पेनाने आखले तरी चालतील.

आपले,
प्रसूतिकक्ष, औषधभांडार आणि संशोधन परीक्षणात काम करणारे आम्ही काही जण